रद्दीतले घबाड

अनसिंगसारख्या गावात जुन्या पुस्तकांचे दुकान नसते; नव्या पुस्तकांचेही नसते. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गावात बी-बियाण्यांची, फवारणीच्या पंपांची, कापडाची आणि मोबाईलची दुकाने आहेत, जून महिना उजाडला की वह्या, दप्तरे व कंपासपेट्या मांडून बसणारे दुकानदारही आहेत; परंतु ज्याला ग्रंथ म्हणावे अशी वस्तू विकत घ्यावयाची झाल्यास येथील मनुष्यास वाशीमचा, अकोल्याचा किंवा थेट नागपूरचा रस्ता धरावा लागतो. असे असूनही या पंचक्रोशीत जुनी पुस्तके वर्षानुवर्षे हात बदलीत आली आहेत, आणि ती ज्या ठिकाणी हात बदलतात ते ठिकाण म्हणजे रद्दीवाल्याचा तराजू. लोखंड, पत्रा, फुटकी बादली, खताच्या रिकाम्या गोण्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांच्या सान्निध्यात एखादा कापडी बांधणीचा ग्रंथ पडलेला दिसावा, तो उचलून उघडावा आणि ज्याची आपण कधी अपेक्षाही केली नव्हती असे काही त्यात निघावे, या अनुभवाला आमच्याकडे सरळ घबाड लागणे असे म्हणतात. हे घबाड पैशाचे नसते हे मात्र प्रथमच सांगून टाकलेले बरे, कारण रद्दीत शोधणाऱ्या मनुष्याकडे पाहून लोकांचा पहिला तर्क गुप्तधनाचाच असतो.

पुस्तक घराबाहेर कसे पडते हे समजल्याखेरीज ते अकस्मात हाती कसे येते हे उमगत नाही. भावाभावांची वाटणी होते, पंच बसतात, शेत, विहिरीचे पाणी, बैलजोडी, तांब्या-पितळेची भांडी, इतकेच काय पण दाराच्या चौकटीसुद्धा फर्दीत नोंदविल्या जातात, परंतु माडीवरच्या फडताळातील पुस्तकांचा त्या फर्दीत उल्लेख असल्याचे मी पाहिलेले नाही. वाटणीत जे कोणाच्याच वाट्यास येत नाही ते कोणाचेच नसते, आणि जे कोणाचेच नसते ते यथावकाश रद्दीत जाते. दुसरे कारण धाब्याच्या घराचे. जुने मातीचे धाबे पाडून त्या जागी स्लॅबचे घर उठते, तेव्हा सामान अंगणात काढावे लागते आणि परत आत नेताना पुस्तकांपाशी हात थबकतो. तिसरे कारण म्हणजे दिवाळीची साफसफाई, आणि चौथे, अलीकडे सर्वांत प्रबळ झालेले, म्हणजे पुण्यास नोकरीवर असलेला मुलगा: तो चार दिवसांच्या रजेवर येतो, आजोबांच्या मागे राहिलेल्या ट्रंका उघडतो, मोडी अक्षर वाचता येत नाही म्हणून हळहळतो, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की रद्दीवाल्यास बोलावणे पाठवितो.

पोथ्यांची गोष्ट निराळी आहे. कागद म्हणून जे जे तोलता येते ते ते तोलणारा आमचा रद्दीवाला पोथी मात्र तराजूत घालीत नाही. गठ्ठ्यात शिवलीलामृत किंवा पांडवप्रताप निघाला की तो बाजूला काढतो, कपाळाला लावतो आणि म्हणतो, “हे मी तोलत नसतो गुरुजी. मले पाप लागन. तुम्ही असेच घेऊन जा, पन पायाखाली नोको येऊ द्या.” त्यामुळे पोथ्यांचा प्रवास बहुधा नदीकडे होतो, किंवा त्या गुपचूप एखाद्या देवळाच्या कोपऱ्यात अथवा पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवल्या जातात. श्रद्धेने केलेल्या या विसर्जनात किती हस्तलिखिते वाहून गेली असतील याचा विचार करू लागले म्हणजे रद्दीवाल्याचा तराजू हाच ग्रंथांचा अधिक दयाळू शत्रू वाटू लागतो. कारण तराजूवरून पुस्तक निदान दुसऱ्याच्या घरी जाऊ शकते.

नव्या पुस्तकांच्या दुकानात जो आनंद असतो तो निवडीचा असतो, आणि ती निवड आपल्या आधी पुष्कळांनी केलेली असते. प्रकाशकाने हस्तलिखित पसंत केलेले असते, विक्रेत्याने त्यातले खपाऊ ते मागविलेले असते, परीक्षकाने आपले मत नोंदविलेले असते, आणि आपण ज्याला आपली आवड म्हणतो ती या साऱ्या शिफारशींवर उमटलेली शेवटची सही असते. रद्दीच्या ढिगाऱ्यावर मात्र कोणाचीही शिफारस चालत नाही. तेथे १९५८ सालच्या पंचांगावर न्यायशास्त्राचे भाषांतर पडलेले असते, त्याखाली कापसावरील बोंडअळीची सरकारी पत्रिका, त्याखाली मुखपृष्ठ हरवलेली रहस्यकथा आणि तळाशी एखाद्या दिवंगत शिक्षकाने स्वहस्ते उतरवून घेतलेले व्याकरणाचे टिपण. या शेजारास कोणतीही योजना नाही, आणि योजना नाही म्हणूनच ज्या विषयाची आपल्याला जिज्ञासा आहे हे आपल्यालाच ठाऊक नव्हते तो विषय अचानक समोर येऊन उभा राहतो. वऱ्हाडचे जे गॅझेटियर आल्फ्रेड लायलसाहेबाने १८७० साली सिद्ध केले, ज्यात आमचे वाशीम ‘बासिम’ या रूपात भेटते, ते मी रद्दीत पुष्कळ वर्षे शोधीत आलो आणि ते मला तेथे कधीही मिळाले नाही. त्याच्या शोधात जे जे हाती लागले त्याने मात्र घरातील एक भिंत भरली आहे.

त्या भिंतीवरील एका पुस्तकाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ती ‘नवनीता’ची एक प्रत आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली प्रथम प्रसिद्ध केलेला हा प्राचीन मराठी कवितांचा संग्रह पुढे अनेक आवृत्त्यांतून निघाला आणि शाळा-कॉलेजांतून कित्येक पिढ्यांनी अभ्यासला, त्यामुळे तो दुर्मिळ मुळीच नाही. माझ्या प्रतीचे मुखपृष्ठ नाही, पहिला फर्मा नाही, आणि पाठीवरचे कापड उंदरांनी कुरतडलेले आहे. जाणत्या संग्राहकाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. परंतु तिच्या अखेरच्या कोऱ्या पानांवर कोणी शेतकरी गृहस्थाने मोडीत कापसाच्या वेचणीचा हिशेब मांडला आहे. पौष शुद्ध पंचमीपासून रकाने सुरू होतात: वेचणाऱ्या बाईचे नाव, वेचलेला कापूस मण-शेरात, आणि दिलेली मजुरी रुपये, आणे व पयांत, उभ्या दंडांच्या त्या जुन्या खुणांसह, ज्यांत ३॥ म्हणजे साडेतीन. मधेच एके दिवशी रकाना कोरा आहे आणि त्यावर ‘पाऊस’ इतकेच लिहिले आहे. पौषातला पाऊस म्हणजे फुटलेल्या बोंडांची माती, हे कापूस पिकविणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही. त्या एका शब्दाच्या पुढे हिशेबाचे अक्षर बिघडलेले आहे.

याच प्रतीत मोरोपंतांच्या एका आर्येशेजारी समासात पेन्सिलीने कोणी लिहिले आहे, ‘अर्थ लागत नाही.’ त्याच्याखाली, निराळ्या हाताने आणि निळ्या-काळ्या शाईने, अन्वय सोडवून अर्थ दिला आहे, व शेवटी ‘आता लागला काय?’ असा प्रश्न टाकला आहे. हे दोन हात बापलेकांचे, गुरुशिष्यांचे की एकमेकांस कधीही न भेटलेल्या दोन मालकांचे, हे कळण्यास मार्ग नाही. पंतांची आर्या मी पूर्वीही वाचली होती. परंतु तिच्याशी झटलेली ही दोन माणसे पाहिल्यावर ती मला प्रथमच कोणाच्या तरी मालकीची वाटली.

जुन्या पुस्तकात जे सापडते ते असे बहुतेक वेळा छापलेले नसते. विद्येचे पान, मोरपीस, मनीऑर्डरीची पावती, रेल्वेचे जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट, गोठ्याच्या चुन्याचा खर्च, लग्नपत्रिका, सुतकाचे कोपरा फाडलेले पत्र, आणि पहिल्या पानावर ‘चि. सौ. कां. हिस विवाहप्रसंगी सप्रेम भेट’ असे वळणदार अक्षर. वाचनालयाचा गोल शिक्का असला तर त्याच्यावर आडवा ‘बाद’ असा दुसरा शिक्का आहे की नाही हे मात्र पाहून घ्यावे. सार्वजनिक ग्रंथालयांना जीर्ण व न वाचली जाणारी पुस्तके रीतसर काढून टाकता येतात, त्याला दप्तरी भाषेत निर्लेखन म्हणतात; ज्या प्रतीवर दुसरा शिक्का नाही ती निर्लेखनाने आलेली नसून कोणाच्या तरी विसराळूपणाने आलेली असण्याचा संभव असतो, आणि अशी प्रत वाचून झाल्यावर मूळ ग्रंथालयास नेऊन देण्यातही एक वेगळाच आनंद आहे. ग्रंथपालाच्या चेहऱ्यावरचा संशय तेवढा सहन करावा लागतो.

आता वाशीमकर मनुष्याला रद्दीत एका विशिष्ट नावाने काळजात धस्स का होते ते सांगतो. ते नाव आहे ‘हरिविजय’. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ शके १६२४ मध्ये, म्हणजे इसवी सन १७०२ साली, पंढरपुरी पूर्ण झाला, आणि छापखाने आल्यावर तो घरोघर गेला. त्याच्या जुन्या प्रती आमच्या भागात आजही निघतात. परंतु या नावाचे एक काव्य त्याहून सुमारे तेराशे वर्षे जुने आहे आणि ते आमच्या वाशीमच्या राजाने रचलेले आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इसवी सनाच्या चौथ्या शतकात तेथे सर्वसेन नावाचा राजा होऊन गेला, त्याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ रचले, आणि सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा त्यात गायिली. आनंदवर्धनासारख्या साक्षेपी काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञाने त्याचा आदराने उल्लेख केला, भोजराजाने त्यातील वेचे आपल्या ग्रंथांत घेतले. परंतु सबंध काव्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतील प्रवरसेनाचे ‘सेतुबंध’ टिकले, सर्वसेनाचे ‘हरिविजय’ गेले.

याच्या उलट गोष्ट सर्वसेनाच्या पुत्राची. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेल्या दानाचा ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे उजेडात आला, आणि वत्सगुल्माहून राज्य करणारी वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा होती हे त्या तांब्याच्या पत्र्यांमुळे निर्विवाद ठरले. वंशावळीचा भाग संस्कृतात, दानाचा व्यवहाराचा भाग प्राकृतात, अशी त्याची रचना आहे. जमिनीच्या सनदेला तांबे मिळाले आणि काव्याला भूर्जपत्र किंवा ताडपत्र, म्हणून सनद राहिली व काव्य नष्ट झाले. इनामाची कागदपत्रे लोक जिवापाड जपतात आणि कवितेची वही देऊन टाकतात, ही रीत आमच्याकडे निदान सोळाशे वर्षांची आहे असे म्हणावयास हरकत नाही. तेव्हा गठ्ठ्यात ‘हरिविजय’ हे शीर्षक दिसले की ती श्रीधरस्वामींचीच पोथी असणार हे बुद्धीस पक्के ठाऊक असूनही हात पुढे होतो. प्राकृत काव्याची प्रत मिळायचीच तर ती केरळातल्या एखाद्या मठात किंवा जैन भांडारात मिळेल, अनसिंगच्या भंगारात नव्हे, हे कोणीही सांगेल. पण भासाची नाटके गणपतिशास्त्र्यांना विसाव्या शतकाच्या आरंभी केरळातच मिळाली नसती तर तीही आज केवळ नावापुरतीच उरली असती, आणि कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ १९०५ साली म्हैसूरच्या ग्रंथालयात तंजावरकडील एका पंडिताने आणून दिलेल्या पोथीत शामशास्त्र्यांच्या दृष्टीस पडेपर्यंत त्याचीही तीच अवस्था होती.

मराठीतील या छंदाचे कुलदैवत म्हणजे अर्थात इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी प्रसिद्ध केला आणि एकंदर २२ खंडांपर्यंत ते काम नेले, तेव्हा त्यासाठी लागलेली सामग्री कोणा एका सरकारी दप्तरखान्यात त्यांची वाट पाहत नव्हती. ती देशमुखांच्या व कुळकर्ण्यांच्या माळ्यांवर, उपाध्यायांच्या कोनाड्यांत, रुमालांत बांधलेली, कसरीने खाल्लेली आणि कित्येकदा वाण्याच्या पुड्यांसाठी निघण्याच्या बेतात असलेली अशी विखुरलेली होती. राजवाडे गावोगाव पायी हिंडले. बीडजवळील पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक अतिजुनी पोथी त्यांना लाभली, व तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली. त्यांच्या निष्कर्षांविषयी पुढील पंडितांनी पुष्कळ वाद घातले, आणि ते योग्यच झाले. परंतु मोडी कागदाच्या चिठोऱ्यालाही मोल असते ही दृष्टी महाराष्ट्राला त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणी दिली नाही. त्यांच्याही आधी, १८७८ साली, साने, मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक काढून लोकांच्या घरच्या बखरी व काव्ये छापण्यास प्रारंभ केला होता, आणि त्या मासिकाचे सुटे अंकच आज स्वतः रद्दीत शोधण्याची वस्तू होऊन बसले आहेत.

राजवाड्यांची उदाहरणे हस्तलिखितांची झाली. पण छापलेले पुस्तकही, शेकडो प्रती निघून, तितकेच नाहीसे होऊ शकते. याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्या वऱ्हाडातीलच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यास शिवाजी छापखान्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालून तिला शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सरसकट स्त्रीजातीवर जे आसूड ओढले, त्याला उत्तर म्हणून एका मराठा गृहस्थाच्या मुलीने, अव्वल कारकुनाच्या घरात वाढलेल्या बाईने, हे तिखट पुस्तक लिहिले. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. त्यानंतर मात्र पुस्तकावर आणि लेखिकेवर असा काही पडदा पडला की, १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाङ्मयाच्या बहुतेक इतिहासांना त्याचा पत्ता नव्हता. आज भारतातील स्त्रीविचाराचा इतिहास लिहिणारा कोणीही या पुस्तकावाचून पुढे जाऊ शकत नाही. अशी पुस्तके नव्वदाहून अधिक वर्षे कोठे असतात? ती ट्रंकेत असतात, पाटाखाली असतात, दुसऱ्याच पुस्तकाच्या बांधणीत चुकून शिवली गेलेली असतात. आणि त्यांच्या शेवटच्या चार-दोन प्रतींचे आयुष्य ज्यांना त्यांचे नावही माहीत नसते अशा माणसांच्या आळसावर अवलंबून असते. आळसाची ही एक बाजू नीतिशास्त्रज्ञांच्या ध्यानात आलेली नाही.

इंग्रजीतही याला जोड आहे. बिशप पर्सी यांना इंग्लंडमधील शिफ्नल या गावी मित्राच्या दिवाणखान्यात एका कपाटाखाली पडलेले जुन्या पोवाड्यांचे बाड दिसले, तेव्हा मोलकरणी त्याची पाने चूल पेटविण्यास वापरीत होत्या. त्या अर्धवट जळक्या बाडावरून १७६५ साली जो संग्रह निघाला त्याने पुढल्या पिढीच्या इंग्रज कवींची रुची बदलली. मोलकरणींचा दोष नव्हता. त्यांना पोवाडे नकोत, विस्तव हवा होता.

विकत घेणाऱ्यांतील अग्रणी म्हणून मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेईन. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीतून घरी पैसे धाडून जे उरे त्यात पोटाला चिमटा घेऊन, न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २,००० ग्रंथ जमविले. ते हिंदुस्थानात आणण्यासाठी एका मित्राकडे सोपविले, आणि त्यांतले थोडेच त्यांच्या हाती पोचले. पुढे १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान ज्या बोटीवर चढविले होते ती महायुद्धात पाणतीराने बुडाली, आणि त्यात त्यांची पुस्तके गेली. इतके होऊनही पुढे दादरच्या ‘राजगृहा’त त्यांनी जो ग्रंथसंग्रह उभा केला त्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. जुने पुस्तक गरिबाला परवडते म्हणून तो ते घेतो हे खरेच आहे. परंतु स्वस्ताईने दुकानात आलेला मनुष्य तेथे बसून राहतो तो स्वस्ताईमुळे नव्हे.

मोठ्या शहरांत हा व्यवहार उघड्यावर चाले. मुंबईत हुतात्मा चौकाच्या आसपासचे पदपथ, धोबीतलावाजवळचे १९०५ साली निघून शंभर वर्षांवर चाललेले ‘न्यू अँड सेकंड हँड बुकशॉप’, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, नागपुरात सीताबर्डीचे पदपथ, ही त्या पंथाची तीर्थे. सतीश काळसेकर यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला, आणि निरंजन घाटे यांनी ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ लिहिली. ज्यांना ही दुनिया आतून पाहावयाची असेल त्यांनी ही दोन पुस्तके अवश्य वाचावीत. शहरी पदपथ आणि आमची ग्रामीण रद्दी यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पदपथावरील विक्रेता चाणाक्ष असतो. गिऱ्हाइकाचा हात एखाद्या पुस्तकावर किती वेळ रेंगाळला यावरून तो किंमत सांगतो. आमच्या रद्दीवाल्यास कागद आणि पुठ्ठा यांतला फरक कळतो, कारण त्यांचे भाव वेगळे. म्हणून तो पुष्कळदा पुस्तकाची कव्हरे ओरबाडून पुठ्ठ्याच्या ढिगात टाकतो, आणि शीर्षकाचे पान त्या झटापटीत गेले तर गेले.

मग बिननावाचे पुस्तक ओळखावे कसे? येथे कागद साक्ष देतो. जुन्नर, दौलताबादकडचा हातकागद चिंध्यांपासून होई. तो दीडशे-दोनशे वर्षांनीही लवचीक राहतो आणि उजेडासमोर धरला तर त्याची वीण विरळ-दाट दिसते. लाकडाच्या लगद्याचा गिरणीकागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्यात उरलेले लिग्निन आणि आम्ल यांमुळे तो पिवळा पडतो, कडांपासून तपकिरी होत जातो, आणि दुमडला की मोडतो. जुन्या पुस्तकाचा जो गोडसर वास आपणास प्रिय असतो तो खरे पाहता या कुजण्याचाच वास आहे, कारण लिग्निन विघटित होताना व्हॅनिलासारख्या गंधाची द्रव्ये सुटतात. १९४२ ते १९४६ या काळातली पुस्तके तर बोटाने चाचपूनही सांगता येतात: महायुद्धाने कागदावर नियंत्रण आणले होते, त्यामुळे कागद खरबरीत, समास तोकडे, टाइप बारीक. अशी पुस्तके उधईच्या आधी स्वतःच्याच आम्लाने मरतात, म्हणून ती मिळाली तर पाने जोरात उलटू नयेत, आणि चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. आमच्या वाडवडिलांचा कडुलिंबाची पाने व वेखंडाचे तुकडे ठेवण्याचा उपाय कसरीवर आजही बरा चालतो.

नशीब हे शोधणाऱ्याला साहाय्य करते असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. ज्ञानकोशाचा फाटका खंड रद्दीत पडला असता जो मनुष्य तो ओळखतो त्याला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे नाव आधी ठाऊक असावे लागते. अमरावतीत शिकलेल्या या गृहस्थाने नागपुरास कंपनी काढून २३ खंडांचा हा प्रपंच आरंभला व पुण्यास तडीस नेला, त्यातले पहिले पाच खंड नुसत्या प्रस्तावनेचे आहेत, हे माहीत असेल तरच ‘बुद्धोत्तर जग’ असे नाव दिसताच तो खंड कोणता आणि कशाचा हे ओळखता येते. म्हणजे अनपेक्षित लाभालाही पूर्वतयारीचे जामीनपत्र लागते. मात्र तयारी फार झाली की दुसरा धोका असतो. ज्याच्या खिशात यादी असते त्याला यादीतले तेवढेच दिसते, आणि बोंडअळीची ती सरकारी पत्रिका तो बाजूला सारतो, ज्यात आपल्याच तालुक्यातील पीकपाण्याचा पन्नास वर्षांपूर्वीचा तपशील असतो.

जून महिन्यातील एका छोट्या उलाढालीचाही येथे निर्देश केला पाहिजे. शाळेची पाठ्यपुस्तके फुकट मिळू लागण्यापूर्वी आमच्याकडे वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलाची पुस्तके खालच्या इयत्तेतला मुलगा अर्ध्या किमतीत घेई. सौदा आया ठरवीत, आणि तिसऱ्या हातातून आलेले पुस्तक पाव किमतीस जाई. अशा पुस्तकात धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे अगोदरच्या मालकाने पेन्सिलीने खुणावलेली असत, शिवाजी महाराजांना चष्मा आणि शास्त्रज्ञांना मिशा काढलेल्या असत. ज्यांच्या वाट्याला कोरे करकरीत पुस्तक येई त्यांना वर्गात मान मिळे. परंतु ऑगस्टमध्ये गुरुजींनी अचानक प्रश्न विचारले की त्यांचीच फजिती होई. बालभारतीची स्थापना १९६७ सालची. तिच्या सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांतून शिकलेली पिढी आता निवृत्त झाली आहे, आणि आपल्या पहिलीच्या पुस्तकातील चित्रे पुन्हा पाहता यावीत म्हणून ही माणसे जी किंमत देण्यास तयार असतात ती ऐकून त्या पुस्तकांच्या मूळ मालकांच्या आयांना भोवळ आली असती.

या मागणीची वर्दी आमच्या रद्दीवाल्यापर्यंतही पोचली आहे. त्याचा मुलगा मोबाईलवर जुन्या वस्तूंचे भाव पाहतो, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दोघे मिळून गठ्ठे चाळतात. जे जुने दिसते ते आता तराजूच्या मागे एका वेगळ्या पोत्यात जाते. परवा त्या पोत्यात ज्ञानकोशाचा एक खंड आणि पहिलीच्या बालभारतीची एक जुनी प्रत, अशी दोन पुस्तके शेजारी शेजारी होती. ज्ञानकोशाला पाठीचा पुठ्ठा नसल्याने मुलाने तो बिनदिक्कत किलोच्या भावाने माझ्या हवाली केला. बालभारतीसाठी मात्र त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून त्याच्या बापानेही मान वर केली. “ॲन्टिक हाये गुरुजी,” मुलगा म्हणाला. मी निम्म्यावर आलो आहे, तो आकड्यावरून हलायला तयार नाही, आणि पुढच्या बाजारी हीच घासाघीस पुन्हा व्हावयाची आहे.